मत मागायला पलीकडे जावं लागू द्या

एनसीईआरटीच्या दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्तेच्या वाटणीचा धडा पहिलाच आहे. त्यात श्रीलंका नापास, बेल्जियम पहिला. श्रीलंकेबद्दल वाद नाही. १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं, आणि त्या उर्मटपणाची किंमत पुढच्या पिढ्यांनी जीव देऊन मोजली. बेल्जियमला पैकीच्या पैकी गुण देणं मात्र मला खटकतं.

आधी श्रेय देऊ, कारण ते मोठं आहे. १८३० साली स्वतंत्र झालेल्या या देशात डच बोलणारे जास्त, पण कोर्ट, कचेरी, लष्कर, विद्यापीठं सगळी फ्रेंचमध्ये चालायची. डचमधल्या कायद्यांना बरोबरीचा दर्जा १८९८ साली मिळाला. १८३१ च्या राज्यघटनेची अधिकृत डच प्रत आली थेट १९६७ साली! एवढा साठलेला राग यादवीत न जाता वाटाघाटीच्या टेबलावर आला. १९७० ते १९९३ या काळात घटना चारदा बदलली. डच बोलणारा फ्लँडर्स, मुख्यतः फ्रेंच बोलणारा वालोनिया आणि दोन्ही भाषांचं ब्रुसेल्स असे तीन प्रदेश झाले. शाळा आणि संस्कृतीचा कारभार डच, फ्रेंच, जर्मन या तीन भाषासमाजांकडे गेला. केंद्रीय मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडले तर डच आणि फ्रेंच मंत्री समसमान. जर्मन बोलणारे लाखभरसुद्धा नाहीत, तरी ऑइपेन गावात त्यांची स्वतःची संसद भरते. छोट्या भाषेला इतका मान देणारे देश फार थोडे आहेत.

मग बिघडलं कुठे? पक्षांत. सत्तेबरोबर पक्षही भाषेवर चिरले गेले. फ्लँडर्समधल्या लूव्हेनच्या जुन्या विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर काढण्याच्या वादात १९६८ साली सरकार पडलं आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष फुटला. (विद्यापीठही दुभंगलं, ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली.) १९७२ ला उदारमतवादी फुटले, १९७८ ला समाजवादी. तेव्हापासून बहुतेक मोठे पक्ष आपापल्याच भाषेच्या मतदारांपुढे उभे राहतात. ब्रुसेल्समध्ये दोन्हीकडचे उमेदवार मिळतात, पण वालोनियातल्या ल्येजच्या कामगाराला त्याचं पेन्शन ठरवणाऱ्या फ्लेमिश मंत्र्याला ना निवडता येतं, ना पाडता येतं. फ्लँडर्समधल्या गेंटच्या शिक्षिकेची फ्रेंच मंत्र्याबाबत तीच गत. मंत्री दोघांचा, हिशेब मात्र तो एकालाच देतो. अशा वेळी पलीकडच्यांवर तोंडसुख घेणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, कारण दुखावलेल्या माणसाचं मत त्याला कधी मिळणारच नव्हतं.

परिणाम सगळ्या जगाने पाहिला. जून २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले. २०१९ च्या निवडणुकीनंतर पूर्ण सरकार यायला पुन्हा ४९४. प्रदेशांची सरकारं या काळात चालू होती, त्यामुळे देश कोलमडला नाही, असं समर्थन केलं जातं. ते खरं आहे. पण कर्ज, पेन्शन, न्याय हे प्रश्न केंद्राचे, आणि ते तेवढे दिवस ताटकळले. मतदान झाल्यावर दीड वर्ष सरकार मिळत नसेल तर मत देणाऱ्याचा तो अपमान आहे.

आपल्याकडे खोट काही कमी नाही. तरी दिल्लीची सत्ता हवी असलेल्या नेत्याला तमिळनाडूत दुभाष्या शेजारी घेऊन सभा घ्यावी लागते, आसामात जावं लागतं, नांदेडलाही यावं लागतं. दुसऱ्या भाषेच्या माणसाकडे हात पसरावा लागला की जीभ आपोआप आवरते. ही सक्ती मौल्यवान आहे, आणि आपणही ती सैल पडू देता कामा नये.

बेल्जियममध्ये उपाय कुणाला सुचला नाही असं नाही. पाव्हिया गट नावाच्या तिथल्या अभ्यासकांनी २००७ सालीच तो मांडला: लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहातल्या १५० पैकी १५ जागा अख्खा देश मिळून एकच मतदारसंघ मानून निवडा. म्हणजे पंतप्रधान व्हायला निघालेल्याला फ्लँडर्समधल्या अँटवर्पमध्येही मत मागावं लागेल आणि वालोनियातल्या शार्लरवामध्येही. प्रस्ताव साधा आहे, कुणाचा हक्क हिरावत नाही. त्याचा कायदा मात्र अजून झालेला नाही. दहावीला हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांनी बेल्जियमचं कौतुक जरूर करावं. पण त्या १५ जागांबद्दलही मुलांना सांगावं.