सातशे सत्त्याहत्तर

कोथरुडातील आमच्या गृहसंस्थेत ज्यांना आबालवृद्ध ‘नाना’ अशी हाक मारतात, आणि पाठ वळताच ‘सातशे सत्त्याहत्तर’ या सांकेतिक नावाने ज्यांचा उल्लेख होतो, ते सद्गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून, ३४ वर्षे लोकांची दफ्तरे तपासल्यानंतर उरलेले आयुष्य त्यांनी लोकांचे संगणक तपासण्यास वाहिलेले आहे. बोलावणे लागत नाही. कोणाचे यंत्र रुसले आहे याची कुणकुण जिन्यातच लागते, आणि काखेत लाल बासनाची वही धरून नाना दारात उभे राहतात. चहा येईपर्यंत मात्र ते कळफलकाला स्पर्श करीत नाहीत, कारण बिनचहाची तपासणी ही त्यांच्या मते बेकायदा ठरते.

त्या आकड्याचा उलगडा असा, की लिनक्सच्या राज्यात प्रत्येक फाइलीला मालक, मालकाचा गट आणि उरलेले जग असे तीन हिस्सेदार असतात, आणि वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १ अशी त्यांच्या हक्कांची मोजदाद होते. तिघांनाही सर्व हक्क बहाल करायचे, तर चमॉड नामक आज्ञेपुढे ७७७ हा आकडा लिहावा लागतो. एखाद्या वैद्याने पडशापासून फ्रॅक्चरपर्यंत सर्वांना त्रिफळाचूर्णच द्यावे, तद्वत नाना हे औषध देतात. एका भाच्याच्या संपूर्ण घरफोल्डरास त्यांनी ते इतक्या उदार हस्ते पाजले, की दुसऱ्या दिवशी दूरच्या सर्व्हरात शिरताना एसएसएचने त्याची खासगी किल्ली हाती धरण्यासच नकार दिला. जी किल्ली साऱ्या गावाला उघडी आहे ती किल्लीच नव्हे, असा त्या आज्ञावलीचा बाणेदारपणा! नानांनी याचा दोष भाच्याच्या ग्रहमानावर ठेवला.

माझे प्रकरण याहून साधे होते. उतारवयात पायथन शिकून घरातील जुन्या दिवाळी अंकांची सूची करण्याचा छंद मला जडला आहे, आणि ती सर्व सामग्री मी एका एक्सफॅट पद्धतीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. एका रविवारी सकाळी तीत ठेवलेली फाइल एडिटरमध्ये उघडली, वाचता आली, तीत मी दहा ओळींची भरही घातली. परंतु सेव्ह करू जाताच ‘पर्मिशन डिनाइड’ असा शेरा मारून एडिटरने माझा अर्ज निकालात काढला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या डिस्कवर स्वतःचेच अक्षर उमटविण्याची मनाई व्हावी, या अपमानाची चव ज्याने घेतली असेल त्यालाच ती कळेल.

नाना आले, चहा आला, टर्मिनल उघडले गेले, आणि सर्वाधिकार देणाऱ्या सुडोचे फर्मान पुढे करून त्यांनी ७७७ ची मात्रा दिली. यंत्राने चकार शब्द काढला नाही. नानांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मी सेव्ह केले. शेरा जसाच्या तसा. पुन्हा मात्रा, पुन्हा मौन, पुन्हा शेरा. हे मौन फसवे होते, हे मला मागाहून समजले. फॅटच्या घराण्यावर चमॉड चालविले, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तक्रार करीत नाही आणि अंमलबजावणीही करीत नाही. अर्ज हसतमुखाने स्वीकारून खणात टाकणारे कर्मचारी नानांनी जन्मभर पाहिले होते, किंबहुना (त्यांची क्षमा मागून लिहितो) काही काळ ते स्वतःही त्याच खणाचे धनी होते. मग त्यांनी मालकीच बदलण्याचा हुकूम सोडला, तेव्हा मात्र ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ असे रोखठोक उत्तर आले. “एडिटर बाद झालाय,” नानांनी निकाल दिला.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी आमच्याकडची वाटी परत करायला आली. दारातूनच पडद्याकडे पाहत तिने विचारले, “नाना, पण हा ड्राइव्ह नावावर कोणाच्या आहे?”

ज्या मनुष्याने ३४ वर्षे समोर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हा एकच प्रश्न विचारला, त्याला तो आज प्रथमच दुसऱ्याने विचारला होता. मुलीने यादी काढली. प्रत्येक फाइलीपुढे मालक म्हणून ‘रूट’, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, लिहिलेला, आणि हक्क ७५५, म्हणजे लिहिण्याचा अधिकार एकट्या रूटला.

तिने सांगितले ते मी नानांच्याच परिभाषेत मांडतो. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, बेल लॅब्जमधला. एका यंत्रावर अनेकांची वहिवाट, म्हणून तेथे मालकीच्या नोंदी आल्या. फॅटचे घराणे १९७७ चे, एक मनुष्य आणि एक छोटे यंत्र अशा संसारातले. तेथे मालक कोण हे विचारायचे कारणच नव्हते, आणि एक्सफॅटने तोच कुळाचार पुढे चालविला. अशा डिस्कवर गाव नमुना ७ ही नाही आणि १२ ही नाही. ती माउंट होताना, म्हणजे यंत्राला जोडली जाताना, जे नाव सांगितले जाईल तोच कब्जेदार. आणि काहीच न सांगता रूटने माउंट केली, तर सारे शिवार रूटचे.

“पण मी घातली की आपोआप माझ्या नावावर लागायची,” मी म्हणालो. मुलीने एफएसटॅब, म्हणजे कोणती डिस्क कशी जोडावी याची नोंदवही, उघडली. तीत शेवटी एक नवी ओळ होती, आणि तिच्यात पर्याय म्हणून केवळ ‘डिफॉल्ट्स’ हा शब्द. आदल्या रविवारी, आपोआप जोडला जाणारा ड्राइव्ह हा बेवारशी माल होय असे बजावून, ती ओळ नानांनीच स्वहस्ते लिहिली होती. नाना छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

दुरुस्ती क्षणाची होती, पण ड्राइव्ह सुटेना. ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून यंत्र अडून बसले. कोणी धरून ठेवला आहे याचा शोध घेतला, तेव्हा नानांचे टर्मिनलच त्या फोल्डरात ठाण मांडून बसलेले निघाले. “नाना, तुम्हीच त्यात बसलायत. बाहेर या,” मुलगी म्हणाली, आणि नाना खरोखरच खुर्चीवरून उठले. त्या ओळीत तिने ‘यूआयडी’पुढे माझ्या खात्याचा क्रमांक १००० लिहिला, ड्राइव्ह पुन्हा जोडला, आणि माझ्या दहा ओळी निमूटपणे सेव्ह झाल्या.

नानांनी बासन सोडले, ‘यूआयडी = १०००’ अशी नोंद करून तिच्याखाली तारीख घातली, आणि उरलेला चहा न पिताच ते निघून गेले. ७७७ वरून त्यांना थेट हजारी मनसब मिळाली, असे आमच्या जिन्यात म्हणतात. काल तळमजल्यावरून निरोप आला, की तेथे सूनबाईंचे खाते १००१ क्रमांकाचे असून नानांनी त्यांचा ड्राइव्ह नुकताच दुरुस्त करून दिला आहे, आणि तेव्हापासून त्यांचे काहीच सेव्ह होत नाही.