अथ वर्कशीटमीमांसा

शास्त्राचा आरंभ अनुबंधचतुष्टयाने करावा, असा जुन्या ग्रंथकारांचा दंडक आहे. विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कोणता आणि अधिकारी कोण, एवढे चार प्रश्न आधी निकालात काढले की पुढे हवे तितके भरकटायला मोकळीक मिळते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय वर्कशीट. प्रयोजन म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाने रात्री जेवणानंतर महाजालावर घालवलेल्या वेळाचे पांडित्यपूर्ण समर्थन. विषयाचा प्रयोजनाशी संबंध बेताचाच आहे, पण तो बऱ्याच मान्यताप्राप्त प्रबंधांतही तसाच असतो. अधिकारी मात्र नीट सांगितला पाहिजे. ज्याच्या वर्गात चाळीस मुले, एक फळा, खडूची अर्धी पेटी आणि स्वतःच्या खिशातला मोबाइल एवढीच सामग्री आहे, तोच या शास्त्राचा अधिकारी. ज्याच्या वर्गात प्रोजेक्टर आहे, आणि तो चालतोही, त्याने हा ग्रंथ जरूर वाचावा. फलप्राप्ती होणार नाही.

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले आणि या अधिकाऱ्यांची संख्या एका झटक्यात वाढली. काल-परवापर्यंत पाढे आणि बाराखडी घोकून घेणाऱ्या गुरुजींना आता कोंबडी आणि कोल्हाही इंग्रजीत बोलवायचे होते. साधने हवी होती. ती पुढे यथावकाश मोबाइलमधून आली, आणि इतकी आली की त्यांचे शास्त्र लिहिण्याची वेळ आली.

आता पूर्वपक्ष. "नेटवर सगळं फुकट मिळतं, तुम्ही फक्त डाउनलोड करायचं." हे वाक्य केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुपारच्या चहाआधी उच्चारले जाते, आणि उच्चारणाऱ्याचा तंत्रस्नेही शिक्षक म्हणून नुकताच शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालेला असतो. हा पक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूचा आहे. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली ती १९४३ साली, ऐन महायुद्धात. आज त्याच घराण्यातले सहा-सहा मिनिटांचे संवाद संहितेसकट फुकट मिळतात. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ काढले : जेमतेम दीड हजार शब्द, आखूड वाक्ये आणि निवेदकाचा वेग नेहमीच्या दोन-तृतीयांश. शीतयुद्ध त्यामुळे सावकाश झाले नाही, पण ते ऐकायला सोपे झाले. डेव्ह स्पर्लिंग यांचे ‘डेव्हज ईएसएल कॅफे’ १९९५ पासूनचे, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट ही सायबर कॅफेत ताशी दराने विकत घ्यायची वस्तू होण्याच्याही आधीचे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातून ‘हॉट पोटॅटोज’ निघाले. शिक्षकाने वाक्ये टंकावीत आणि रिकाम्या जागा, जोड्या, शब्दकोडी आपोआप तयार व्हावीत, अशी ती सोय. करणाऱ्यांनी आपल्या कंपनीचे नाव ‘हाफ-बेक्ड सॉफ्टवेअर’ ठेवले होते. इतकी नम्रता त्यानंतरच्या एकाही शैक्षणिक ॲपने दाखवलेली आढळत नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘टीचिंग इंग्लिश’वर तर तासाचे मिनिटवार नियोजन तयार मिळते. पूर्वपक्षी म्हणतो त्याप्रमाणे सगळे आहे, आणि त्यातले पुष्कळसे फुकटही आहे.

तरीही सोमवारी सकाळी वर्गात ते नसते. का नसते, याचा विचार अभावप्रकरणात करू.

न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले तेव्हा त्यांच्यापुढे मातीचा घट होता. आमच्यापुढे पीडीएफ आहे. उत्पत्तीपूर्वी वस्तूचे नसणे हा प्रागभाव. शाळेच्या मागच्या चिंचेखाली उभे राहून मोबाइल डोक्यावर धरला असता चाक गरगरत राहते, ती ही अवस्था. प्रागभावाला आदि नसतो पण अंत असतो, असे शास्त्र सांगते. शास्त्रकारांना टू-जीचा अनुभव नव्हता. निर्माण होऊन नष्ट झालेल्याचे नसणे तो प्रध्वंसाभाव. फाइल उतरलेली असते, पण त्याच रात्री मोबाइल ‘जागा शिल्लक नाही’ म्हणतो आणि सुप्रभाताची दीडशे गुलाबफुले पुसण्याऐवजी घाईत तीच पुसली जाते. एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, हा अन्योन्याभाव : ‘सिंपल पास्ट’ नावाची फाइल विश्वासाने उघडावी आणि आत ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र निघावे. राहिला अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळी नसणे. शास्त्रात याचे उदाहरण म्हणून वायूच्या ठायी रूप नसण्याचा दाखला देतात. शाळेच्या ठायी प्रिंटर नसण्याचा दाखला अधिक सोपा. काही टीकाकार आक्षेप घेतात की प्रिंटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे. तो आहेच. त्याच्यापुढे खरेदीची तारीख आहे, बिल क्रमांक आहे, दोन मुख्याध्यापकांच्या सह्या आहेत. त्यात कार्ट्रिज नाही, आणि कार्ट्रिजचे लेखाशीर्ष कोणते याबद्दल तालुक्यात एकवाक्यता नाही. म्हणून सिद्धान्त असा की प्रिंटर सत् आहे, छपाई असत् आहे.

अत्यंताभावातून झेरॉक्सचा जन्म होतो. हे प्रकरण फार नाजूक असून त्याला पाठचिकित्सेची शिस्त लागते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी झाली. त्यात विष्णु सीताराम सुकथनकरांनी हस्तलिखितांचे वंशवृक्ष लावून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते ठरवण्याची पद्धत बसवली. वर्कशीटचा वंशवृक्ष लावणे त्यामानाने अवघड आहे. मूळ प्रत एसटी स्टँडसमोरच्या दुकानात निघते, पानाला दोन रुपये. ती शिक्षकाच्या बॅगेत डब्याशेजारी राहते. तिच्यावरून शेजारच्या शाळेच्या बाई प्रत काढतात. त्या प्रतीवरून पुढच्या वर्षीचे सर. आणि मूळ प्रत कोणाकडे राहिली हे विचारल्यास सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. दर पिढीत शाई वाढते आणि अर्थ घटतो. चौथ्या पिढीतल्या एका पानावर सफरचंदाचे चित्र आहे आणि खाली सूचना आहे, सफरचंद लाल रंगवा. सफरचंद छापूनच काळेकुट्ट आलेले. वर्गातल्या बहुतेकांनी काळ्यावर लाल खडू घासून पान फाडले. मागच्या बाकावरच्या एकीने मात्र सफरचंदाला हात न लावता सभोवतालचा कागद नीट लाल केला. आमच्या मते हाच मूळ पाठाच्या सर्वांत जवळ जाणारा अर्थ आहे, आणि बाईंनी तिला ‘गुड’ दिले ते योग्यच झाले.

यानंतर हिमप्रकरण. महाजालावरच्या वर्कशीटांत वर्षभर बर्फ पडत असतो. त्यांतली मुले लोकरी हातमोजे घालतात, विमानतळावर रांगेत उभी राहतात, घरात हॅमस्टर पाळतात आणि ऑक्टोबरअखेर भोपळा कोरतात. मराठवाड्यातल्या एका दुसरीच्या वर्गात स्नोमॅनचे चित्र दाखवून "हे काय आहे?" असे विचारले गेले.

"बाई, बुजगावणं."

"नीट बघा बरं."

"बुजगावणंच आहे बाई. पण लई जाड आहे. अन् नाकात गाजर कुणी खुपसलं?"

उत्तर चूक म्हणता येत नाही. टोपी आहे, काठीचे हात आहेत, माणसासारखे असून माणूस नाही, आणि उघड्यावर उभे आहे. मुलाने लक्षणावरून लक्ष्य ओळखले. लक्ष्यच चुकीच्या हवामानातले होते.

या बर्फाचे मूळ शोधताना आम्ही मायकेल वेस्टपर्यंत गेलो. हे गृहस्थ इंग्रज अमदानीत ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून कोणते शब्द आधी शिकवावेत याचा त्यांनी ध्यास घेतला, आणि १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांचा पुढे कित्येक वर्षे हाच अमरकोश होता. आता तिची २०१३ सालची नवी आवृत्तीही नेटवर फुकट मिळते. माँट्रियलच्या टॉम कॉब यांच्या ‘लेक्सट्यूटर’मध्ये कोणताही उतारा चिकटवला की नेहमीच्या शब्दांना एक रंग, कमी नेहमीच्यांना दुसरा आणि यादीबाहेरच्यांना लाल, असे वर्गीकरण होऊन येते. या ठिकाणी आम्ही उत्साहाच्या भरात शेतावरच्या सहलीचा एक उतारा घातला. तो बैल, ज्वारी आणि गणपती यांच्यामुळे ठिकठिकाणी लाल होऊन परत आला. आंबाही लाल. वेस्टच्या यादीत स्नो आहे, मँगो नाही! ज्याने बंगालचे उन्हाळे काढले त्याच्या यादीत आंबा नसावा, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही. सफरचंद आहे. संत्रे आहे. आंबा नाही. यंत्र मात्र प्रामाणिक आहे. कोणता शब्द मुलांना आधी समजावून सांगावा लागेल हे ते तासाआधी दाखवते, फक्त त्याच्या लाल रंगाचा अर्थ आपल्या गावात उलटा घ्यायचा. लाल ते ओळखीचे.

उत्तरपक्ष एका वाक्यात मांडता येतो : जे फळ्यावर उतरते तेवढेच साधन. बाकीचे वाङ्मय. या कसोटीला लावले असता नामवंतांची पंचाईत होते. नॉर्वेहून २०१३ साली निघालेले ‘कहूत’ मुलांना वेड लावते हे खरे, पण ते दर मुलाच्या किंवा निदान दर गटाच्या हातात एक यंत्र गृहीत धरते. ‘क्विझलेट’ २००५ साली कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी मुलाने फ्रेंच प्राण्यांची नावे पाठ करण्यासाठी स्वतःपुरते बनवले. आमच्याकडे हेच काम पाठकोऱ्या कागदाचे चौकोन कापून होते, आणि कात्री मिळवणे हाच त्यातला तांत्रिक भाग. ‘ब्रेकिंग न्यूज इंग्लिश’ हे शॉन बॅनव्हिल यांचे काम म्हणजे खरा धर्मादाय : एकच बातमी अनेक पातळ्यांवर लिहिलेली, ध्वनिफितीसह. पण एका बातमीमागे दोन डझनांवर पाने. शहाणा शिक्षक त्यातली सर्वांत सोपी पातळी घेतो, चार वाक्ये फळ्यावर लिहितो आणि दर वाक्यातला एक शब्द डस्टरने पुसतो. रिकाम्या जागा तयार. हॉट पोटॅटोजने विद्यापीठात जे साधले ते डस्टरने केव्हाच साधले होते.

कसोटीला उतरणाऱ्यांत प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ पहिले. २०१५ पासून चित्रगोष्टी मुक्त परवान्याने तिथे आहेत. वाचनाच्या पातळ्या लावलेल्या, आणि कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत व त्याच चित्रांसह इंग्रजीतही. मराठीत गोष्ट आधी सांगून टाकावी, म्हणजे इंग्रजीत ‘पुढे काय होणार’ ही चिंता उरत नाही, आणि मुले थेट वाक्यांवर तुटून पडतात. शिवाय त्या गोष्टींत म्हशी आहेत. आमच्या हिमप्रकरणाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

क्यूआर कोडाचा उल्लेख टाळला तर परीक्षक गुण कापतील. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढलेली ही चौकट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत आणली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. आता बालभारतीच्या पुस्तकातला कोड मोबाइलपुढे धरला की शासनाचे ‘दीक्षा’ ॲप उघडते. कोडाची चौकट तीस टक्क्यांपर्यंत खराब झाली तरी वाचता यावी अशी तिच्यात तरतूद करता येते. तिसरीच्या वर्गात ही तरतूद अपुरी पडते, कारण पांढरे चौकोन पेनाने भरून काढण्याचा मोह मधल्या सुट्टीत अनावर होतो.

शेवटी ‘प्लिकर्स’. यात मुलांकडे यंत्र लागत नाही, प्रत्येकाच्या हाती एक छापील काळी-पांढरी आकृती असते. तिची कोणती बाजू वर धरली त्यावरून ए, बी, सी, डी असे उत्तर ठरते, आणि शिक्षक आपला एकुलता एक मोबाइल वर्गावरून फिरवतो तेव्हा सगळ्यांची उत्तरे टिपली जातात. शेजाऱ्याचे बघून लिहिणाऱ्याचा धंदा बसतो, कारण शेजाऱ्याची आकृती वेगळी. आमच्या शास्त्रातील एकमेव प्रयोग याच यंत्रावर झाला. वर्कशीट पाचव्या पिढीची. प्रश्न असा की चित्रातला मुलगा टेबलाच्या वर आहे, खाली आहे, शेजारी आहे की आत आहे. चित्र पूर्ण काळे. उत्तरसूची मूळ संकेतस्थळावर होती आणि लॉगिन मागत होती. कौल घेतला तर चारही उत्तरांना मते पडली आणि वर्गात चार पक्ष झाले. निर्णयासाठी बाईंनी एका मुलाला प्रत्यक्ष टेबलाखाली बसवून दाखवायचे ठरवले, तेव्हा वर्गात टेबल नसल्याचे उघडकीस आले. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी मागणीपत्रात एक टेबल लिहिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले : इंग्रजी अध्यापनासाठी, खाली बसता येईल असे.