सी-व्ह्यू, वास वगळून

वरळीच्या टॉवरात समुद्र खिडकीतून मिळतो आणि त्याचे पैसे फ्लॅटच्या किमतीत धरलेले असतात. शेजारच्या कोळीवाड्यात तो फुकट, थेट दारात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडीही ताडपत्री पांघरून तिथेच विसावते. वरून ती फोटोपुरती छान दिसते. सुक्या बोंबलाचा वास मात्र करारात नसतो. याच कोळीवाड्यासमोर समुद्रातून जाणाऱ्या कोस्टल रोडच्या आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर ठेवले होते. होड्या जाणार कुठून, हे साहेबांना सुचलंच नाही. कोळ्यांनी काम अडवलं, तेव्हा कुठे २०२२मध्ये १२० मीटर मान्य झाले. मोटारींच्या आठ मार्गिकांसाठी मात्र कुणाला आंदोलन करावं लागलं नाही.