दिवाण-ए-खास

आमच्या सोसायटीतल्या काकांकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच सांगतो : बसण्यापूर्वी विचारा. त्यांच्या दिवाणाचे पाय दिवाळी अंकांचे आहेत. चार कोपऱ्यांत चार चळती, वर प्लायवूड, त्यावर गादी. डोक्याकडे वाङ्मयीन अंक, पायाकडे ज्योतिषाचे. "साहित्यात मी उच्चनीच मानत नाही, पण पाय कुठे करायचे याला मर्यादा आहे," असं काका सांगतात. ‘आवाज’चे अंक मात्र भिंतीकडच्या चळतीत. त्यातल्या खिडकीचित्रांपर्यंत पाहुण्यांच्या मुलांचा हात पोचू नये, ही खबरदारी. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून परंपरा सुरू केली, काकांनी ती जमिनीपासून सव्वा फूट उचलून धरली आहे.

टीपॉय कॅसेटचा, वर काच. त्यावर मी मोबाइल ठेवला की काका तो उचलून माझ्या हातात देतात. "याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. खाली नाट्यसंगीत आहे." ते नाट्यसंगीत वाजवायला घरात टेपरेकॉर्डर नाही, हा मुद्दा काढायचा नसतो. चहा येतो तो सीडीवर. बारा सेंटिमीटरची सीडी कपाखाली चपखल बसते, फक्त सांडलेला चहा मधल्या भोकातून थेट काचेवर जातो. गॅलरीतल्या उन्हाने एलपी वाकल्या, तेव्हा काकांनी त्या काकूंच्या ओव्हनमध्ये आणखी वाकवून फळांच्या परड्या केल्या. केळी संपली की गायकाचं नाव दिसतं. ओव्हनला तो वास बरेच दिवस होता. काकूंच्या बोलण्याला अजून आहे.

खरी गंमत संदर्भ लागला की सुरू होते. एकदा एका कथेवरून वाद झाला. "ती ‘सत्यकथे’त आली होती," मी म्हणालो. काका म्हणाले, "शक्य नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, कथा त्यानंतरची. दिवाळी अंकात आहे. ऊठ."

मी उठलो. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला बोलावलं. आम्ही दोघांनी दिवाण गादीसकट उचलून धरला आणि काका खाली बसून चळत चाळू लागले. डांबरगोळ्या घरंगळल्या, दोन-चार कसरी पळाल्या. अंक सापडला. कथा सापडली. आणि काका तिथेच मांडी घालून ती वाचू लागले.

"अहो, मुलांचे हात भरून आले," काकू म्हणाल्या.

"शेवट जवळ आलाय."

कथेचा की आमचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं हौसेपोटी चाललंय असं समजू नका. काका गावाला गेले असताना काकूंनी एकदा रद्दीवाल्याला वर बोलावलं होतं. तो ताणकाटा अडकवतोय तोच काका परतले. त्याच आठवड्यात दिवाणाला पाय फुटले, कारण रद्दीवाला रद्दी नेतो, फर्निचर नेत नाही. कसर, वाळवी, कॅसेटच्या फितीवरची बुरशी यांना हा फरक कळत नाही, पण काकांची लढाई त्यांच्याशी नव्हतीच.

माझं म्हणाल तर, त्या दिवाणावर झोप चांगली लागते. वाङ्मयीन बाजू जरा कडक आहे, इतकंच.

आता काकांना जेवणाचं बैठं टेबल करायचं आहे. पायांसाठी त्यांनी महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश काढला, पण खंड दहा आणि पाय चार. दोन-दोन लावले तर दोन उरतात, आणि एखादा खंड मधून कापणं काकांच्या संस्कृतीत बसत नाही. म्हणून ते दुसऱ्या संचाच्या शोधात आहेत, म्हणजे पाच-पाच होतील. तुमच्या कपाटात तो असेल तर काका येतील तेव्हा एखादा खंड मांडीवर उघडा असू द्या. वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक ते मागत नाहीत.