हात आत, काका!

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं एक गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला धड एसटी स्टँड मिळत नाही. पण मोआबच्या रस्त्यावर माणसांपेक्षा पिंजरे जास्त दिसतात. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खाली चार दांडगी चाकं, आत दोन किंवा चार खुर्च्या, दार म्हणाल तर अर्धं आणि काच बहुधा नाहीच. आतली माणसं गोरी की काळी हे कळायला मार्ग नसतो, कारण संध्याकाळपर्यंत सगळी लाल झालेली असतात. धुळीने.

या गाडीला साइड-बाय-साइड म्हणतात. टांग टाकून बसायची ती चारचाकी वेगळी. हिच्यात मोटारीचं स्टिअरिंग, मोटारीचेच ब्रेक आणि शेजारी बसायला एक माणूस असतो. त्या शेजारच्या माणसाची भूमिका मी केली.

मोआबच्या भोवतालचे बरेच कच्चे रस्ते पर्यटकांसाठी कुणी बांधलेले नाहीत. 1952 साली चार्ली स्टीन नावाच्या भूशास्त्रज्ञाला इथल्या मुलखात युरेनियमचं घबाड सापडलं आणि मग जो उठला तो गायगर काउंटर घेऊन डोंगर खरवडत सुटला. खाणी थंडावल्या, रस्ते राहिले. आपल्याकडे रस्ते आधी थंडावतात.

माझा पुतण्या मंदार सॉल्ट लेक सिटीत राहतो. लहानपणी सायकलची चेन पडली की हा मुलगा सायकल ओढत आणून माझ्यापुढे उभी करायचा आणि स्वतः आत जाऊन पोहे खायचा. त्याच मंदारला मी शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये पाहिलं. जमिनीवर स्वच्छ फडकं अंथरून त्याने पाने, ग्रीस गन, हवेचा गेज, कूलंटची बाटली असं सगळं सत्यनारायणाच्या पूजेसारखं मांडलं होतं, आणि स्वतः गाडीखाली उताणा पडला होता. त्याची बायको सायली म्हणाली, "काका, यांना घरातला गळका नळ दिसत नाही. पण गाडीखाली तेलाचा एक थेंब दिसला तर रात्री झोप नाही."

या गाडीची सेवा नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही, इंजिन किती तास चाललं त्यावरही ठरते. कारण पाच किलोमीटरला दीड तास लागेल असल्या जागीच ती न्यायची असते. मंदारकडे तासांची वही होती. पहिला मान एअर फिल्टरचा. वाळवंटातली धूळ इंजिनात गेली की पिस्टन आणि सिलिंडर घासून काढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर फिल्टर उघडून बघायचा. नुसता उघडून भागत नाही. पेटीच्या आत, फिल्टरच्या पलीकडे धूळ गेली आहे का, हे बोट फिरवून पाहायचं. मग रेडिएटरच्या जाळीतला चिखल. तो पाण्याच्या हलक्या धारेने काढायचा, जोराच्या फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात. मग चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरचे रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर, वाळू आत आणि जॉइंट खलास. शेवटी चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने मोजून आवळायचे. मी म्हटलं, "अरे, पायाने दाबून घट्ट कर की." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचे दोन सल्ले गिळले.

दुसऱ्या दिवशी त्याने कव्हर काढून आतली पुली दाखवली आणि मला एकदम माहेरचं माणूस भेटलं. या गाड्यांपैकी बहुतेकींना गिअरबॉक्सच्या आधी दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा असतो. वेग वाढेल तशा पुल्या मिटतात-उघडतात आणि गिअर आपोआप बदलल्याचा परिणाम होतो. ही तर आमच्या हिची कायनेटिक होंडा! पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी भागीदारी करून 1984 साली हीच युक्ती भारतात आणली. आज घराघरातल्या स्कूटरमध्ये तोच पट्टा आहे. फरक एवढाच की आमची कायनेटिक लक्ष्मी रोडवर चालायची आणि मंदारच्या गाडीला स्वतःचं सहा-सातशे किलोचं धूड आणि आम्हा चार देशपांड्यांना घेऊन कड्यावर चढायचं होतं.

सॉल्ट लेक सिटीहून मोआब मोटारीने चार तास. मागे ट्रेलर, ट्रेलरवर गाडी, पुढे आम्ही आणि हिच्या मांडीवर दशम्यांचा डबा. एवढ्या वेळात मंदारने आमच्याकडून परीक्षेची तयारी करून घेतली. युटामध्ये 2023 पासून असली गाडी सार्वजनिक जमिनीवर चालवणाऱ्या प्रत्येकाला ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मी चालवणार नव्हतो म्हणून सुटलो. हिने मात्र आदल्या रात्रीच पूर्ण करून टाकला होता. हेल्मेटचा कायदा तिथे 18 वर्षांखालच्यांना आहे. मी माझं वय सांगितलं. मंदारने काही न बोलता हेल्मेट माझ्या डोक्यावर दाबलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळला.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. म्हणजे चाळीस वर्षं मी ज्या उजव्या बाजूला बसून गाडी चालवली, तिथेच मला बसवलं आणि समोरचं सगळं काढून घेतलं. माझा उजवा पाय दिवसभर पत्र्यावर ब्रेक शोधत होता.

शेजारच्या माणसाला कामं तीनच: पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, हात समोरच्या दांडीवर. ज्याची पावलं खाली टेकत नाहीत, त्याने बसायचंच नाही. म्हणून लहान मुलांना मांडीवर घेण्याची आपली प्रथा इथे बाद. हे ऐकायला सोपं वाटतं. पण गाडी एका अंगाला झुकली की माणूस काय करतो? त्या बाजूचा हात बाहेर काढून जमिनीला टेकवायला बघतो. रिक्षा कलंडताना माझे वडीलही तेच करायचे. इथे त्या हातावर अख्खा पिंजरा येतो. पट्टा बांधलेला आणि हातपाय आत असलेला माणूस गाडी उलटली तरी बहुधा धूळ झटकत उठतो. बाहेर काढलेला हात मात्र दवाखान्यात जातो.

ही नुसती मंदारची भीती नव्हे. ही जात लोकप्रिय करणाऱ्या गाड्यांत यामाहाची राइनो अग्रणी. तिच्या कलंडण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीने आधी पाय बाहेर जाऊ नयेत म्हणून दारं बसवून दिली, आणि 2009 साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगासोबत विक्री थांबवून विकलेल्या गाड्यांची फुकट दुरुस्ती काढली. मागच्या चाकांना स्पेसर लावून बैठक रुंद केली आणि मागचा स्टॅबिलायझर बार काढून टाकला. थोडक्यात, गाडीला जरा पाय फाकून उभं राहायला शिकवलं.

आम्ही गेलो तो रस्ता म्हणजे 'हेल्स रिव्हेंज', नरकाचा सूड. लांबी जेमतेम दहा किलोमीटर. सुरुवातच अशी की समोर दगडाची एक उंच पाठ, रुंदी गाडीपेक्षा थोडी जास्त आणि दोन्ही बाजूंना काही नाही. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन तशाच गोठल्या, त्यांवर आपण चढतो. जुन्या काळी लोखंडी धावेच्या गाड्या आणि नालवाले घोडे या दगडावरून घसरायचे; रबरी टायर मात्र असा चिकटतो की भीती वाटावी. वाट हरवू नये म्हणून दगडावर ज्वाळेची चित्रं रंगवली आहेत. नरकाला शोभेल अशी सोय.

"सरळ चढायचं, सरळ उतरायचं," मंदार म्हणाला. "उतारावर आडवी घातली की कलंडलीच. आणि उतरताना लो गिअर, फोर व्हील, इंजिनच्या ब्रेकवर."

"न्यूट्रलमध्ये सोडली तर पेट्रोल वाचेल," मी म्हटलं.

"काका, हात आत."

हात आतच होता. हे उत्तर त्याने सगळ्याच सल्ल्यांसाठी राखून ठेवलं होतं.

समोरून येणारा प्रत्येक चालक आम्हाला बोटं दाखवत होता. कुणी तीन, कुणी दोन. आपण काय बिघडवलं असेल असं वाटून मीही मोघम नमस्कार केला. मग कळलं, अरुंद वाटेवर आपल्या मागे अजून किती गाड्या येताहेत ते सांगायची ही पद्धत. शेवटचा असेल तो मूठ दाखवतो. आपल्या घाटात ही पद्धत आणायला हरकत नाही, फक्त बोटं पुरणार नाहीत.

खाली कोलोरॅडो नदी दिसू लागली तशी आम्ही वाहवा करायला थांबलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि पुढच्या चढाला लागलो. मागून एक घोळका येत होता. वाट लवकर मोकळी करावी म्हणून मंदारने गाडी हाय गिअरमध्येच रेटली. डॅशबोर्डवर रंगीत स्क्रीन होता, त्यावर इंजिनचं तापमान, उंची, उत्तर दिशा सगळं व्यवस्थित. तेवढ्यात मागून ही म्हणाली, "मंदार, पट्टा जळतोय."

"काकू, इथे काही दाखवत नाहीये."

"सिंहगडाच्या चढावर माझ्या कायनेटिकला हाच वास आला होता. तुझे काका मागे बसले होते."

पुढच्या वळणावर धाडकन आवाज झाला आणि इंजिन नुसतंच गुरगुरू लागलं. गाडी जागची हलेना. मंदारने ब्रेक दाबून धरला, पार्किंगमध्ये टाकली, आम्हाला वरच्या बाजूने उतरवलं आणि चाकांखाली दगड लावले.

मागच्या घोळक्यातली सत्तरीची एक बाई टोपी मागे सारत आली. तिने भिजकं फडकं, लांब पाना आणि थर्मासमधली कॉफी असं सगळं पुढे केलं. इथे अडलेली गाडी ओलांडून कुणी जात नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात. कव्हर गार होऊ दिलं. आत पट्ट्याच्या दोऱ्यांचा गुंता झाला होता. तो चिमट्याने सगळा काढायचा, कारण एक धागा राहिला तरी तो नव्या पट्ट्याला खातो. पुली फाकवून नवा पट्टा चढवायचा, त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने. सुटा पट्टा सीटखाली होता. शुक्रवारच्या पूजेत तोही मांडलेला मी पाहिला होता आणि हा कशाला, असं विचारलंही होतं.

नवा पट्टा सवयीचा होईपर्यंत गाडी हळू हाकायची असते. मंदार म्हणाला, "काकू, पुढचा भाग सोपा आहे. तुम्ही घ्या." ही हेल्मेट नीट करून डावीकडे बसली, लो गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवर पाय असा हळूहळू टेकवला की गाडी निघाली कधी ते कळलं नाही. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर बायकोला मागे बसवून स्कूटर नेणारे पुष्कळ असतील. नवऱ्याला मागे बसवून नेलेल्या बाईचा पाय वेगळाच असतो. ती धक्का न देता तो दगडी उतार उतरली. मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मागून मंदार आणि शेजारून ही, दोघांचा आवाज एकदम आला.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल किंवा ऑक्टोबरात जा. जुलैत पारा चाळिशीला टेकतो. शेजारच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात ही गाडी नेता येत नाही, ते मोटारीने बघा. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती दिसेल, तिच्यावर चाकच काय, पाऊलही टाकू नका. ती सूक्ष्म जीवांनी धरून ठेवलेली जिवंत साय आहे आणि एकदा मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. गाडी गावात भाड्याने मिळते. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: सुटा पट्टा आणि तो बदलायचं हत्यार गाडीत आहे का, आणि पट्टा तुटला तर त्याचे पैसे कुणी भरायचे. करारात ते बारीक अक्षरात असतं.