मानाची डीव्हीडी

लग्नाचं शूटिंग कॅसेटवर पडून असतं तोवर घरात शांतता असते. ते डीव्हीडीवर घ्यायचं ठरलं की घरातल्या कुणाला तरी एडिटर व्हावं लागतं, आणि मानपानाच्या बाबतीत एडिटर भटजींपेक्षाही अवघड पाटावर बसलेला असतो.

साधारण 2005 नंतर वडगाव, कामशेत, लोणावळ्याकडच्या बऱ्याच घरांत हा पाट मांडला गेला. कॉम्प्युटरला राईटर बसला होता, हँडिकॅम कुणाचा तरी मागून मिळत होता, आणि ‘तेवढी सीडी मारून दे’ म्हणणारे नातेवाईक तर आधीपासून होतेच. डीव्हीडीलाही ते सीडीच म्हणत.

पहिली हरकत विजेची. कोऱ्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर त्यावर खुणा उमटवतो, त्या पुसता येत नाहीत. निम्म्यावर लाईट गेली की ती चकती गेलीच. त्यामुळे मावळात पंचांगाशेजारी लोडशेडिंगचं वेळापत्रक लागलं आणि राईट करायला मुहूर्त बघणं आलं.

हे पार पडलं की कामशेतच्या मामांचा फोन येतो. “आमचा प्लेअर उचलत नाय तुझी सीडी.”

“मामा, इथं तर व्यवस्थित चालते.”

“मग इथं येऊन चालव.”

आता तपास सुरू. कॉम्प्युटर काहीही दाखवतो, तो भिडस्त आहे. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरला मात्र शिस्तीतली एमपेग-2 लागते; नुसती एव्हीआय फाईल टाकलेली त्याला चालत नाही. सॉफ्टवेअर अमेरिकन वळणाचं असलं तर आपल्याकडच्या टीव्हीच्या, सेकंदाला 25 चित्रांच्या पॅल पद्धतीऐवजी एनटीएससी निवडून बसतं. शेवटी फायनलाइज करायचं, म्हणजे चकतीवरचं लिखाण बंद करायचं राहिलं, तर प्लेअर त्या डीव्हीडीला ओळखच देत नाही. वरून हौसेनं चिकटवलेलं नवरा-नवरीचं स्टिकर जरा तिरकं बसलं तरी चकती डगमगते. उपाय सगळे जुन्या वळणाचे: 16 एक्सची घाई सोडून 4 एक्सनं राईट करा, नाव मार्करनं लिहा आणि फायनलाइज केल्याशिवाय उठू नका.

पण खरी अडचण जागेची. डब्यावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर 4.37 च्या आसपास दाखवतो. यात दुकानदाराची लबाडी नाही. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर 1,024 नं. बाइट तेच, 470 कोटी. त्यात तासाभराचं शूटिंग ऐसपैस मावतं. तीन तासांचं कोंबलं तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो.

मांडवात हे खपून जातं. एमपेग-2 एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांत मुख्यतः बदल तेवढा टिपते. मंगलाष्टकं चालू असताना बदल असा काय होतो? अक्षता उडतात आणि एखादा काका घड्याळ बघतो. पण उरलेल्या जागेत पावसाळ्यातली भुशी धरणाची सहल जोडायचा घरोघर आग्रह. तिथल्या पायऱ्यांवरून कोसळणारं पाणी एका चित्रात असतं ते पुढच्यात नसतं. सगळंच बदललेलं, आणि टिपायला जागा नाही. मग पाण्याचे चौकोन होतात, भिजणाऱ्या वहिनींचेही होतात. लोणावळ्याचं धुकं तर पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं.

यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. कमी दाखवावं, म्हणजे नीट दिसतं, एवढाच इलाज. आहेराचा पाऊण तास काढला की भुशीचं पाणी पुन्हा वाहायला लागतं. पण त्या पाऊण तासात टॉवेल-टोपी घेणारा प्रत्येक पाहुणा स्वतःला शोधणार असतो. आत्याबाईंचं चुलत सासर त्यात सापडलं नाही, तर ते एडिटरला पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागतं.

म्हणून शहाणे एडिटर दोन डीव्हीडी करतात. एक मानाची: तीन तास, सगळा आहेर, चेहरे थोडे चौकोनी. दुसरी बघायची, तासाभराची. मानाची सगळे मागून नेतात आणि आठवड्यात परत आणून देतात. बघायची नेलेली मात्र कुणी परत करत नाही.