पंधरा प्रदक्षिणा

सोसायटीच्या ऑफिसातला संगणक रोज दुपारी सव्वातीनच्या सुमारास देह ठेवतो. पंख्याचा आवाज वाढत नाही, पडदा थरथरत नाही, कसलीही पूर्वसूचना नाही. चिटणीस मेंटेनन्सची बिलं ई-मेलने पाठवायला बसतात, चौदावं-पंधरावं बिल निघतं आणि पडदा निळा होतो. त्यावर एक रडवेला चेहरा आणि खाली ‘काहीतरी अडचण आली आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. अडचण आली हे चिटणिसांनाही दिसत असतं. कोणाची, ते मात्र पडदा सांगत नाही. सोसायटीचं नाव सांगण्यात अर्थ नाही; प्रत्येक वॉर्डात अशी एक तरी सापडते.

कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. खजिनदारांचं मत व्हायरस. निवृत्त अभियंता असलेल्या सभासदांचं मत व्होल्टेज. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वास्तुदोषाची शंका, कारण टेबल नैर्ऋत्येला सरकवल्यापासूनच हे सुरू झालं. शेवटी सर्वानुमते ठपका वॉचमनच्या मुलावर गेला. गेल्या दिवाळीत तो त्या संगणकावर कॅरम खेळला होता. आपल्याकडे चौकशी समिती नेहमी वरून खाली येते आणि जिथे जिना संपतो तिथे थांबते.

मग संगणकवाला आला. त्याने कॅबिनेट उघडलं, आत फुंकर मारली, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले. (हसू नये. गंजलेल्या संपर्कबिंदूंवर हा उपाय खरंच चालतो. फक्त इथे रोग तो नव्हता.) दुसऱ्या दिवशी सव्वातीनला पडदा पुन्हा निळा. तेव्हा त्याने तो महामंत्र उच्चारला, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक संगणकाने आयुष्यात एकदा तरी ऐकलेला असतो: ‘विंडोज मारावी लागेल.’

आता आरोपीकडे वळू. ड्रायव्हर म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर एसटीचा खाकी गणवेश येतो त्यांनी तो पुसून टाकावा, कारण हा ड्रायव्हर काहीच चालवत नाही. तो दुभाष्या आहे. विंडोजला प्रिंटरची भाषा येत नाही, कॅमेऱ्याची येत नाही, ग्राफिक्स कार्डाची तर नाहीच. प्रत्येक यंत्र बनवणारी कंपनी आपापला दुभाष्या पाठवते आणि तो मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगतो. इथवर कोणाची हरकत नाही. प्रश्न त्याच्या उभं राहण्याच्या जागेचा आहे.

संगणकाला देवळासारखा मंडप असतो आणि गाभारा असतो. ब्राउझर, एक्सेल, कॅरम ही सगळी मंडपातली भक्तमंडळी. रांगेत कुणी चक्कर येऊन पडलं तर त्याला उचलून बाजूला ठेवतात, बाकीचं दर्शन चालू राहतं. गाभारा म्हणजे कर्नल. तिथे फक्त मूळ व्यवस्थेला आणि बऱ्याचशा ड्रायव्हरांना प्रवेश, आणि आत गेलेल्याला कोणी अडवत नाही. तिथे एखाद्याचा पाय घसरला तर तो मूर्तीवर पडणार की समईवर, हे सांगता येत नाही. म्हणून मूर्तीला धक्का लागण्याआधी, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचं वाटोळं होण्याआधी, विंडोज स्वतःच देऊळ बंद करते. निळा पडदा म्हणजे ती लावून घेतलेली कवाडं.

निळ्या पडद्यावरचा सर्वात प्रसिद्ध संदेश आहे ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. कमीही नाही, बरोबरही नाही. एखाद्या पक्षप्रवक्त्याने लिहून दिल्यासारखा. अर्थ मात्र स्वच्छ आहे. काही कामं करताना ड्रायव्हर इतक्या वरच्या प्राधान्यावर असतो की त्याला थांबून वाट पाहण्याची मुभा नसते. म्हणजे तो सोवळ्यात असतो. अशा वेळी त्याने हात लावायचा तो फक्त मुख्य स्मृतीत कायम हजर असलेल्या वस्तूंना. डिस्कवर ठेवलेलं काही मागितलं की सोवळं मोडलं. आणि इथे प्रायश्चित्ताची सोय नाही.

हे पाय घसरणं किती जुनं आहे, हे २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोतल्या कॉमडेक्स प्रदर्शनात जगाने पाहिलं. विंडोज ९८ मध्ये कुठलंही यंत्र नुसतं जोडलं की चालू लागतं, हे दाखवायला बिल गेट्स मंचावर उभे. सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर स्कॅनर यायचा तो निळा रंग आला. म्हणून तर आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, असं म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. कॅपोसेला यांची नोकरी गेली असेल असं वाटणाऱ्यांसाठी: ते पुढे त्याच कंपनीचे विपणन प्रमुख झाले. आपल्या वॉचमनच्या मुलाचं नशीब एवढं बलवत्तर नाही.

पुढे आकडेही आले. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिहिलं की विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात. व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टवर खटला झाला आणि २००८ मध्ये कंपनीच्या अंतर्गत ई-मेल उघड झाल्या. त्यातल्या तक्त्यात व्हिस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी २८.८ टक्के ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या नावावर होत्या, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, ९.३ टक्के एटीआयच्या. म्हणजे तक्ता करणाऱ्यांनी स्वतःला दुसरा क्रमांक दिला आणि तक्ता घरातच ठेवला. प्रामाणिकपणाची ही पातळी आपल्या गृहनिर्माण संस्थांनाही ओळखीची वाटावी.

पडद्याच्या रूपावर मात्र भरपूर काम झालं. विंडोज एनटीचा निळा पडदा लिहिणाऱ्या जॉन व्हर्ट यांनी निळ्यावर पांढरी अक्षरं निवडली ती कुठल्याही गूढ कारणाने नव्हे. ते ज्या यंत्रावर आणि ज्या संपादकात काम करत, तिथे सगळं तसंच दिसायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि आकड्यांच्या जंगलाच्या जागी रडवेला चेहरा आला. २०१६ मध्ये क्यूआर कोड आला, म्हणजे बंद पडलेल्या संगणकाचं दुःख चालू असलेल्या मोबाइलवर वाचता यावं. आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की यापुढे पडदा काळा असेल, चेहरा नसेल. सोसायटीचा संगणक अजून विंडोज १० वर असल्याने तिथे शोक जुन्याच रंगात पाळला जातो.

गाभाऱ्यातल्या घसरण्याचा विश्वविक्रम झाला तो १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी. क्राउडस्ट्राइक ही सुरक्षा पुरवणारी अमेरिकन कंपनी. तिचा फाल्कन हा पहारेकरी चोरांवर नजर ठेवायला थेट गाभाऱ्यात बसतो आणि संगणक सुरू होतानाच सर्वांच्या आधी जागा धरतो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने त्याला चोरांच्या लक्षणांची एक नवी यादी पाठवली, फाइल क्रमांक २९१. यादी तपासणाऱ्या नमुन्यात रकाने होते २१. पहारेकऱ्याचा प्रोग्राम माहिती पुरवत होता २० रकान्यांची. आधीच्या याद्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं असल्याने तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. त्या शुक्रवारी पहिल्यांदा पाहिलं. जिथे काही नव्हतं तिथे हात घातला आणि देऊळ बंद.

एक देऊळ नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. कंपनीने ७८ मिनिटांत यादी मागे घेतली, पण मागे घेतलेली यादी मिळायला संगणक आधी सुरू तर व्हायला हवा. तो सुरू व्हायचा, पहारेकरी जागा धरायचा, यादी वाचायचा, पडायचा. पुन्हा सुरू, पुन्हा पडला. चोर एकही आला नव्हता. पहारेकऱ्यानेच दार आतून लावून घेतलं होतं.

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी चेक-इन हाताने सुरू केलं. इंडिगोने बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले. त्यांची छायाचित्रं दिवसभर फिरत राहिली, आणि विमानात बसण्याची परवानगी रेशनच्या पावतीसारखी दिसू शकते हे लोकांना कळलं. दिल्लीत कुठलं विमान कुठल्या दारातून, हे पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलं गेलं. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने काही दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द केली.

उपाय काय होता? प्रत्येक यंत्राजवळ माणूस जाणार, ते सेफ मोडमध्ये सुरू करणार, ड्रायव्हरांच्या फोल्डरात शिरून २९१ क्रमांकाची फाइल पुसणार. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टंकायची. आणि ती किल्ली काही ठिकाणी अशा सर्व्हरवर जपून ठेवलेली होती जो स्वतःच निळा पडला होता. ढगात चालणाऱ्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक तोडगा सांगितला: बंद करून पुन्हा सुरू करा, काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं, तरी करत राहा. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एक ग्राहकाला पंधरा प्रदक्षिणा घालायला सांगते, त्या दिवशी नैर्ऋत्यवाल्या काकूंचं शास्त्र एकदम शंभर वर्षं पुढे गेल्यासारखं वाटलं.

क्राउडस्ट्राइकने त्रास झालेल्या आपल्या भागीदारांना उबर ईट्सचं दहा डॉलरचं खाण्याचं कूपन पाठवलं. ते इतक्या जणांनी एकदम वापरलं की उबरच्या यंत्रणेला फसवणुकीचा संशय आला आणि कूपनंही बंद पडली. तरी एक गोष्ट त्या कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. पुढच्याच महिन्यात लास व्हेगासच्या हॅकर संमेलनात ‘सर्वात भव्य अपयशा’चं पारितोषिक तिला जाहीर झालं, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर जाऊन ते घेऊन आले. मुळात आपल्या चुकीचा पंचनामाही कंपनीने रकान्यांच्या संख्येसकट छापला होता.

आणि पंचनामा हाच तर मुद्दा आहे. सोसायटीचा संगणक दर वेळी मरताना मृत्यूपूर्व जबानी लिहून ठेवतो. विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचा कप्पा असतो, त्यात. ती वाचायला मायक्रोसॉफ्टचंच विनडीबीजी फुकट मिळतं. विश्लेषणाचा एक हुकूम टंकला की बऱ्याचदा फाइलचं नाव समोर येतं. बऱ्याचदा अशासाठी, की कधीकधी नुसतं कर्नलचं नाव येतं, म्हणजे ज्याच्या दारात प्रेत सापडलं त्याचं. तेवढं नको असेल तर रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा: दिवसवार तक्ता आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. पहिली फुली पडली त्या सुमाराला काय बसवलं होतं, एवढं आठवलं तरी अर्धं काम झालं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’ करून जुना ड्रायव्हर परत बोलवायचा. संशयित अनेक असतील तर ड्रायव्हर व्हेरिफायर आहे, जो संशयितांना मुद्दाम छळून कबुलीजबाब काढतो. पण त्याआधी रिस्टोर पॉइंट करून ठेवावा, कारण या छळात संगणक पुन्हा उठेनासाही होऊ शकतो.

‘विंडोज मारण्या’ने, म्हणजे फॉरमॅटने, काय साधतं? जबानी जळते. लाल फुल्या पुसल्या जातात. ‘रोल बॅक’चं बटण मरतं, कारण परत बोलवायला जुना ड्रायव्हरच उरत नाही. आणि मग संगणकवाला खिशातून पेनड्राइव्ह काढतो, ज्यात सगळ्या गावाचे ड्रायव्हर एकत्र नांदतात, आणि त्यातला तोच, अगदी तोच ड्रायव्हर पुन्हा गाभाऱ्यात नेऊन बसवतो. सोसायटीने हे तीनदा केलं. तिन्हींची बिलं मंजूर आहेत.

चौथ्या वेळी चिटणिसांची कॉलेजात जाणारी भाची सुट्टीला आली होती. तिने मिनीडंपमधल्या पाच जबान्या उघडल्या. पाचही जबान्यांत एकच नाव: वायफायच्या त्या चिमुकल्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर. बिलांच्या पीडीएफ एकामागून एक निघू लागल्या की त्याचं सोवळं मोडायचं. तिने डोंगल उपटला, कपाटामागून नेटची केबल ओढून जोडली आणि त्या दुपारी दोनशे बारा बिलं एका दमात गेली.

सभेच्या इतिवृत्तात ‘संगणकवाल्याच्या तिसऱ्या फॉरमॅटचा अखेर गुण आला’ अशी नोंद आहे. डोंगल चांगल्या स्थितीत असल्याने वाया जाऊ नये म्हणून तो गेटवरच्या सीसीटीव्हीच्या संगणकाला लावला. सोमवारपासून तो संगणक संध्याकाळी सातला बंद पडतोय. वॉचमनच्या मुलाला बोलावणं धाडलं आहे.